दोन चित्रपटांमधली पाच वर्षं : तातियाना उएसोचं काम कसं उभं राहिलं

प्रश्न असा आहे: मेक्सिकोत मोठ्या स्टुडिओच्या बाहेर राहून चित्रपट करणाऱ्या बायकांची नावं गेली काही वर्षं कान आणि बर्लिनच्या चित्रपट महोत्सवांमधून सारखी ऐकू येतात. अशा एखाद्या दिग्दर्शिकेचं करिअर प्रत्यक्षात चालतं कसं? पैसा कुठून येतो, दोन चित्रपटांच्या मधली वर्षं कशात जातात, आणि बक्षीस मिळालं की पुढचं सोपं होतं का? विचारणारी स्वतः माहितीपट करते. पहिला हातावेगळा झालाय, दुसऱ्यासाठी वणवण चालू आहे.

मी संकलक आहे, बहुतेक आयुष्य माहितीपटांच्या रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं चित्रीकरण, बघण्यात गेलं. त्यामुळे माझं उत्तर एडिट टेबलच्या बाजूने येणार, हे आधीच सांगते. आणि 'मेक्सिकन दिग्दर्शिका' असा घाऊक विषय घेण्यापेक्षा एकच बाई घेते, जिचं काम मी पुन्हा पुन्हा थांबवून, मागे नेऊन पाहिलंय: तातियाना उएसो.

तिच्या मोठ्या चित्रपटांची यादी छोटी आहे. 'एल लुगार मास पेकेन्यो' २०११, 'तेम्पेस्ताद' २०१६, 'नोचे दे फुएगो' २०२१, 'एल एको' २०२३. पहिल्या तिघांमध्ये पाच-पाच वर्षांचं अंतर. आपल्याकडे दोन वर्षं कुणाचं नाव दिसलं नाही की 'सध्या काय चाललंय?' असं विचारताना लोकांच्या आवाजात सहानुभूती येते. तिच्या बाबतीत ही पाच वर्षं रिकामी नव्हती आणि ती केवळ पैशासाठीही गेली नाहीत. माझ्या मते तिचं सगळं करिअर एका पद्धतीवर उभं आहे, आणि ती पद्धत वेळखाऊ आहे. आधी माणसाचा आवाज मिळवायचा, चित्र नंतर.

जन्म १९७२चा, एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर इथला. लहान असतानाच कुटुंब मेक्सिकोला आलं, तिथेच वाढली. मेक्सिको सिटीतल्या 'सेंत्रो दे कापासितासियोन सिनेमातोग्राफिका', म्हणजे सेसेसे या सरकारी चित्रपटशाळेत शिकली. ही संस्था १९७५ सालची. आपल्याला पुण्याची एफटीआयआय डोळ्यांसमोर आणली की अंदाज येतो, पण एक फरक महत्त्वाचा आहे. सेसेसेची 'ओपेरा प्रिमा' नावाची योजना आहे: पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांमधून प्रकल्प निवडायचे आणि पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट संस्थेनेच निर्माती म्हणून उभा करायचा. डिप्लोमा फिल्म आणि पहिला खरा चित्रपट यांच्यामधल्या दरीत आपल्याकडची किती मुलं-मुली गडप होतात ते मी पाहिलेलं आहे. तिथे त्या दरीवर निदान एक अरुंद साकव तरी टाकलेला आहे. उएसो त्याच साकवावरून पलीकडे गेली.

तरी घाई नाहीच. 'तिएम्पो काउस्तिको' हा लघुपट १९९७चा. मग आणखी लघुपट, मग बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात सर्जनशील माहितीपटाचं पदव्युत्तर शिक्षण. पहिला मोठा चित्रपट आला तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. पंचविशीत पहिला चित्रपट झाला नाही म्हणून खचलेल्या माणसांशी बोलताना मी हा आकडा नेहमी सांगते.

पहिल्या चित्रपटाचा विषय तिच्या आजीच्या गावाचा, एल साल्वादोरमधल्या सिंकेराचा. १९८० ते १९९२ चाललेल्या यादवी युद्धात हे गाव उद्ध्वस्त झालं, माणसं मारली गेली, उरलेली पांगली. युद्ध संपल्यावर काही कुटुंबं परत आली, तेव्हा तिथे घरांच्या जागी जंगल माजलं होतं. त्यांनी ते साफ करून पुन्हा गाव वसवलं. यादवी युद्धावर माहितीपट म्हटला की साचा ठरलेला असतो: जुनी बातमीफीत, नकाशा, खुर्चीत बसवलेला साक्षीदार, मागे मंद दिवा. उएसोने यातलं काहीच घेतलं नाही. तिने गावकऱ्यांच्या मुलाखती फक्त ध्वनिमुद्रित केल्या, कॅमेरा बाजूला ठेवून. नंतर त्याच माणसांचं रोजचं जगणं चित्रित केलं. पडद्यावर बाई कोंबड्यांना दाणे टाकतेय, म्हातारा शेतात चाललाय, घरामागच्या जंगलात पाऊस पडतोय, आणि कानावर त्याच माणसाचा आवाज येतो, आपल्या पोरांचं काय झालं ते सांगणारा. ओठ हलत नाहीत. बोलणं आणि चेहरा वेगवेगळ्या वेळचे आहेत.

इथे जरा थांबते, कारण संकलकाच्या दृष्टीने सगळी गंमत इथेच आहे. सिंक मुलाखतीत, म्हणजे चेहरा आणि आवाज एकत्र टिपलेल्या मुलाखतीत, तुम्ही माणसाच्या चेहऱ्याला बांधलेले असता. वाक्याच्या मध्ये कापायचं तर वर काहीतरी झाकावं लागतं, म्हणजे हातांचा क्लोजअप किंवा भिंतीवरचा फोटो. प्रेक्षकाला हे झाकण लगेच कळतं. आवाज मोकळा असला की तो चित्रपटभर कुठेही नेता येतो, मध्ये दहा सेकंद शांतता ठेवता येते. दुसरं म्हणजे, कॅमेरा नसताना माणूस वेगळं बोलतो. समोर लेन्स, दिवे, बूम धरलेला पोरगा आणि घड्याळ बघणारा प्रॉडक्शन मॅनेजर असला की बाई 'मुलाखत' देते. खोलीत फक्त विचारणारी आणि एक रेकॉर्डर असेल तर ती आठवायला लागते. पण याची किंमत मोजावी लागते. चित्राला आता दाखला देण्याचं काम उरत नाही. ते स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. म्हणून छायालेखक गावात राहणारा हवा. एर्नेस्तो पार्दोने तो चित्रपट टिपला आणि त्यातलं जंगल, दमट उजेड, संध्याकाळचे घरातले कोपरे पाहिले की कळतं, हा माणूस घाईत परतीची गाडी पकडणारा नाही.

स्वित्झर्लंडमधल्या न्यों इथल्या 'व्हिजिओं द्यु रेएल' महोत्सवात २०११ साली या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. माहितीपटांच्या जगात हे नाव फार वजनदार आहे. तिथून तिच्याकडे लोक लक्ष देऊ लागले.

दुसऱ्या चित्रपटात ही पद्धत शैलीपुरती उरली नाही, ती गरज झाली. 'तेम्पेस्ताद' दोन बायकांची गोष्ट सांगतो. एक कानकूनच्या विमानतळावर नोकरीला होती. मानवी तस्करीचा आरोप ठेवून तिला उचललं, पुरावा काही नाही, आणि देशाच्या पार उत्तरेला, अमेरिकेच्या हद्दीला लागून असलेल्या मातामोरोसच्या तुरुंगात टाकलं. तो तुरुंग सरकारच्या नावावर, पण आत राज्य गुन्हेगारी टोळीचं. ती जिवंत राहावी म्हणून घरच्यांनी टोळीला पैसे भरत राहायचं. कुणाच्या तरी गुन्ह्याची भरपाई म्हणून आत टाकल्या जाणाऱ्या अशा माणसांना तिथे 'पागादोरेस' म्हणतात. दुसरी बाई सर्कशीत विदूषकाचं काम करते, तिची मुलगी वर्षानुवर्षं बेपत्ता आहे.

पहिली बाई पडद्यावर येतच नाही. तिचा आवाज येतो, आणि आपण बघतो ती मातामोरोसहून दक्षिणेकडे कानकूनच्या दिशेने जाणारी बस. सुटका झाल्यावर तिने केलेला तो सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास उएसोच्या टीमने पुन्हा केला. खिडकीवरचा पाऊस, तपासणी नाके, बंदूकधारी शिपाई, झोपलेले अनोळखी प्रवासी. सुरुवातीला आपण प्रत्येक बाईकडे बघून विचार करतो, हीच का ती? मग काही वेळाने लक्षात येतं की दिग्दर्शिकेला हेच हवं होतं. यातली कुणीही ती असू शकते. २०२२ साली मेक्सिकोतल्या बेपत्ता माणसांची अधिकृत नोंद एक लाखाच्या वर गेली. तो आकडा जे सांगू शकत नाही ते या बसच्या आसनांवरून कळतं.

दुसऱ्या बाईला मात्र ती थेट दाखवते: सर्कशीचा तंबू, मुलींचा सराव, रंगवलेले चेहरे, एकत्र जेवण. एक आवाज चेहऱ्याविना, एक माणूस पूर्ण घरासकट. हा तोल रफ कटमध्ये, म्हणजे संकलनाच्या कच्च्या खर्ड्यात, सापडायला किती महिने गेले असतील याची कल्पना मला करता येते. असा चित्रपट कागदावर लिहून होत नाही. संकलक लुक्रेसिया गुतिएरेस आणि स्वतः उएसो यांनी तो टेबलावर घडवलाय.

'तेम्पेस्ताद' बर्लिनच्या फोरम विभागात दाखवला गेला. २०१७ साली मेक्सिकोचा राष्ट्रीय पातळीवरचा मानाचा पुरस्कार, 'आरिएल', तिला दिग्दर्शनासाठी मिळाला. हा पुरस्कार १९४०च्या दशकापासून दिला जातो, आणि दिग्दर्शनासाठी तो मिळवणारी ती पहिली बाई. तोही माहितीपटासाठी, हे विशेष. त्या वर्षी मेक्सिकोने ऑस्करसाठी अधिकृत प्रवेशिका म्हणूनही हाच चित्रपट पाठवला.

'पहिली बाई' हे वाचून कुणाला वाटेल की तिच्याआधी बायका नव्हत्याच. होत्या. मातिल्दे लांदेता १९३०च्या दशकात स्क्रिप्ट-कंटिन्युइटीच्या कामापासून सुरुवात करून १९४८ ते १९५१ या काळात तीन चित्रपट दिग्दर्शित करून बसली होती. त्यानंतर तिला पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट करायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. मधल्या काळात तिच्या एका पटकथेवर दुसऱ्याच दिग्दर्शकाने चित्रपट केला. मारिया नोवारो समाजशास्त्र शिकून चित्रपटशाळेत गेली, 'सिने-मुहेर' या बायकांच्या गटात काम केलं, आणि १९९१च्या 'दान्सोन'ने ती जगभर पोहोचली. म्हणजे वाट आधीच पडलेली होती. फक्त चालणाऱ्या एकेकट्या होत्या, आणि मध्येच दशकं गायब व्हायची.

आता पैसा. तुमच्या प्रश्नातला खरा काटा तोच आहे, म्हणून नीट सांगते.

मेक्सिकोत चित्रपटासाठीची सरकारी संस्था म्हणजे 'इमसिने', १९८३ सालची. १९९०च्या दशकात तिथली चित्रपटसृष्टी जवळजवळ झोपली होती. नव्या कायद्याने थिएटरांवरचं देशी चित्रपट दाखवण्याचं बंधन टप्प्याटप्प्याने ढिलं केलं, १९९४ साली अमेरिकेबरोबर मुक्त व्यापार करार लागू झाला, आणि दशकाच्या शेवटी वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा चित्रपट निघत होते. त्यातून सावरण्यासाठी दोन निधी आले. त्यातला 'फोप्रोसिने' कलात्मक आणि स्वतंत्र चित्रपटांसाठी. उएसोच्या पहिल्या चित्रपटामागे सेसेसेबरोबर हाच निधी होता. पुढे करसवलतीची योजना आली, 'एफिसिने'. तिचं काम असं चालतं: एखादी कंपनी, मग ती सिमेंटची असो की औषधांची, आपल्या प्राप्तिकरातला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारला भरण्याऐवजी मंजूर झालेल्या चित्रपटात घालते. एका चित्रपटाच्या निर्मितीला यातून दोन कोटी पेसोपर्यंत मिळू शकतात. प्रकल्पाची निवड समिती करते, पण कंपनी शोधायची ती निर्मात्यालाच. म्हणून तिथल्या स्वतंत्र निर्मात्याचा अर्धा जन्म कंपन्यांच्या अकाउंट्स खात्यात जातो.

तेव्हा 'स्वतंत्र' हा शब्द ऐकून फसू नका. तिथलं स्वातंत्र्य हे स्टुडिओपासूनचं आहे, सरकारी पैशापासूनचं नाही. सरकारी शाळा, सरकारी निधी, सरकारने सोडून दिलेला कर. यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण आपल्याकडे स्वतंत्र म्हणजे स्वतःचा फ्लॅट गहाण टाकणारा, अशी जी कल्पना रुजलीय ती तिथे लागू नाही. फरक वेळेचा आहे. महाराष्ट्र शासनाचं मराठी चित्रपटांसाठीचं अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. तोवर कर्जाचं व्याज धावत असतं. तिथला पैसा चित्रपट सुरू होण्याआधी किंवा चालू असताना येतो. पाच वर्षं एका विषयापाशी बसून राहण्याची चैन, चैनच म्हणा, त्यामुळे परवडते.

हा आधारही पक्का नाही. २०२० साली तिथल्या सरकारने काटकसर आणि गैरव्यवहाराचं कारण देत असे अनेक निधी मोडीत काढले, त्यात चित्रपटांचे निधीही गेले. चित्रपटवाले रस्त्यावर आले. त्या वेळी इमसिनेच्या प्रमुखपदी कोण होती? वर उल्लेख आलेली मारिया नोवारो. आयुष्यभर स्वतंत्र चित्रपट केलेली बाई खुर्चीत, आणि समोर तिचीच पुढची पिढी. तिची बाजू घेणारे आणि तिच्यावर चिडलेले, दोघेही मला समजतात. २०२१पासून 'फोसिने' नावाची नवी योजना थेट सरकारी अंदाजपत्रकातून चालते. त्यामुळे दरवर्षी आकडा काय असेल ही धाकधूक राहते.

एवढं करून चित्रपट झाला, तरी थिएटर मिळतं का? मेक्सिकोत हल्ली वर्षाला दोनशेच्या वर चित्रपट बनतात, पण पडदे दोन मोठ्या साखळ्यांच्या हातात आहेत: सिनेपोलिस आणि सिनेमेक्स. होय, पुण्या-ठाण्यातलं सिनेपोलिस हेच. तिचं मूळ गाव मिचोआकान राज्यातलं मोरेलिया. हॉलिवूडचा मोठा चित्रपट लागला की माहितीपटाला दुपारचा एखादा खेळ, तोही आठवडाभर. गमतीचा भाग असा की याच साखळीचे मालक मोरेलियाच्या चित्रपट महोत्सवाच्या संस्थापकांपैकी आहेत, आणि तो महोत्सव २००३पासून नव्या मेक्सिकन दिग्दर्शकांचं पहिलं दार झालाय. एका हाताने दार उघडायचं, दुसऱ्या हाताने खेळ कापायचा. गाएल गार्सिया बेर्नाल आणि दिएगो लुना या नटांनी मित्रांसह २००५ साली सुरू केलेला 'आंबुलान्ते' हा फिरता माहितीपट महोत्सव यावरचाच उतारा आहे: थिएटर येत नसेल तर माहितीपट घेऊन गावोगाव जायचं. आपल्या फिल्म सोसायटीवाल्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

आता तिच्या कारकिर्दीतलं सगळ्यात धाडसी वळण. 'तेम्पेस्ताद'नंतर सगळ्यांना वाटत होतं, आणखी एक माहितीपट येईल. तिने कथापट केला, 'नोचे दे फुएगो'. जेनिफर क्लेमेंट यांच्या कादंबरीवरून, पण खूप मोकळेपणाने. अफूची शेती असलेल्या डोंगरातलं गाव, पुरुष परगावी मजुरीला, टोळ्या येऊन मुली उचलून नेतात. आया मुलींचे केस मुलांसारखे कापतात, अंगणात खड्डा खणून ठेवतात, गाडीचा आवाज आला की मुलीने त्यात उतरायचं. गोष्ट तीन मैत्रिणींच्या नजरेने चालते, आधी लहान आणि मग वयात आलेल्या. कादंबरी ग्वेरेरो राज्यात घडते, चित्रीकरण केलं केरेतारोच्या सिएरा गोर्दा डोंगरात.

माहितीपटवाल्याने कथापट केला की दोन अपघात हमखास होतात. एक तर तो सगळं हातात धरलेल्या कॅमेऱ्याने हलवून 'खरं' दाखवायला जातो, नाहीतर अचानक पार्श्वसंगीताच्या नादी लागतो. उएसोने आपली जुनीच पद्धत नेली: माणसं आधी. खेड्यापाड्यांत शेकडो मुली पाहून त्यातून या मुली निवडल्या, आणि ब्राझीलच्या फातिमा तोलेदो यांच्याबरोबर त्यांची दीर्घ तयारी करून घेतली. 'सिटी ऑफ गॉड'मधल्या मुलांना घडवणाऱ्या त्या याच. पडद्यावर मुली एकमेकींच्या डोळ्यांत बघून मनातलं ओळखण्याचा खेळ खेळतात. ती जवळीक दोन दिवसांच्या वर्कशॉपमधून येत नाही.

आणि आवाज. या चित्रपटात धोका जवळजवळ कधीच आधी दिसत नाही, तो ऐकू येतो. लांबून येणाऱ्या गाड्या, हेलिकॉप्टर, कुत्र्यांचं भुंकणं थांबणं. लहान मुलगी कानाने जगाचा अंदाज घ्यायला शिकते आणि प्रेक्षक तिच्याबरोबर. हे काम ध्वनिरचनाकार लेना एस्केनासी हिचं, जी उएसोबरोबर पहिल्या चित्रपटापासून आहे. मला तर वाटतं उएसोच्या चित्रपटांची अर्धी दिग्दर्शिका तीच आहे. हे विधान कुणाला जास्त वाटेल. वाटू द्या.

निर्मात्यांमध्ये निकोलास सेलिस होता, 'तेम्पेस्ताद'पासूनचा साथीदार. मराठी वाचकाला त्याचा एक लांबचा धागा जोडता येईल. आल्फोन्सो क्वारोनच्या 'रोमा'च्या निर्मात्यांपैकी तो एक, आणि त्याच 'रोमा'च्या चित्रीकरणाच्या वेळी आपला चैतन्य ताम्हाणे क्वारोनचा शिष्य म्हणून मेक्सिकोत होता. पुढे ताम्हाणेच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाचा कार्यकारी निर्माता क्वारोन झाला. जग लहान आहे म्हणतात, स्वतंत्र चित्रपटाचं तर फारच लहान.

२०२१ साली 'नोचे दे फुएगो'ला कानच्या 'अं सर्तें रगार' विभागात विशेष उल्लेख मिळाला, मग ऑस्करच्या पंधरा चित्रपटांच्या यादीपर्यंत तो गेला आणि नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा चित्रपट घराघरात पोहोचला. इथे बहुतेक जण मोठ्या कथापटाची ऑफर घेतात, किंवा मालिकेची. ती गेली पुएब्ला राज्यातल्या उंच पठारावरच्या एका खेड्यात आणि पुन्हा माहितीपट केला.

'एल एको' हे त्या खेड्याचंच नाव. इथे अपहरण नाही, तुरुंग नाही. थंडी, दुष्काळ, मेंढ्या आणि मुलं. चित्रपट सुरू होतो तो पाण्यात बुडणारी मेंढी ओढून काढण्याच्या धडपडीने. एक किशोरी आपल्या म्हाताऱ्या आजीला न्हाऊ घालते, तिची काळजी घेते, आणि हळूहळू तिला गावाबाहेरचं जग खुणावू लागतं. ऋतू बदलत जातात. चित्रीकरण वर्षाहून जास्त काळ चाललं. मुलं कॅमेऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत, इतकं की हा माहितीपट आहे की कथापट अशी शंका अनेकांनी काढली. ज्यांनी कधी एकाच घरात महिनोन्महिने चित्रीकरण केलंय त्यांना ही शंका येत नाही. कॅमेरा घरातल्या कपाटाइतका जुना झाला की कुणी बघत नाही. पण त्याआधीचे पहिले कित्येक दिवस फुकट जातात, आणि निर्माता पैसे देतो ते नेमके या फुकट दिवसांचे. म्हणून तिने निर्मितीही आपल्याच 'रादिओला फिल्म्स'कडे ठेवली असावी, हा माझा तर्क. कॅमेरा पुन्हा एर्नेस्तो पार्दोचा, संकलन पुन्हा लुक्रेसिया गुतिएरेस आणि ती. बर्लिनला २०२३ साली 'एन्काउंटर्स' विभागात दिग्दर्शनाचं पारितोषिक आणि शिवाय महोत्सवाचा माहितीपट पुरस्कार, चाळीस हजार युरोंचा.

तेव्हा बक्षिसांनी पुढचं सोपं होतं का? अर्धं होतं. दार ठोठावल्यावर उघडतं, चित्रपटाचे हक्क विकणारा सेल्स एजंट फोन उचलतो, समितीपुढे स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही. पण पुढच्या चित्रपटातल्या बाईला तुमच्या बर्लिनच्या बक्षिसाचं काही देणंघेणं नसतं. तिच्या ओसरीवर तुम्ही पुन्हा नवख्याच. तो वेळ कुठल्याही पुरस्काराने कमी होत नाही, आणि उएसोने तो कमी करण्याचा प्रयत्नही केलेला दिसत नाही.

ही एकटीची गोष्ट आहे असंही नाही. फर्नांदा वालादेस सेसेसेचीच. आस्त्रिद रोंदेरोबरोबर ती जोडीने काम करते, आणि त्यांच्या 'सुहो'ला २०२४ साली सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. लिला आविलेस रंगभूमीवरून आली. 'ला कामारिस्ता' एका हॉटेलातल्या सफाई करणाऱ्या बाईवर, आणि 'तोतेम' २०२३ साली बर्लिनच्या मुख्य स्पर्धेत. दोघींच्या वाटा उएसोपेक्षा वेगळ्या आहेत. कुणी विचारलं की तिघींमधून आदर्श कुठला, तर मी स्वभाव बघून सांगेन. आविलेससारखं कमी माणसांत, एका इमारतीत चित्रपट उभा करणं हे आपल्या परिस्थितीत जास्त जमण्यासारखं आहे.

तुम्ही दुसऱ्या चित्रपटाच्या तयारीत आहात म्हणून व्यवहाराचं थोडं. उएसोकडून उचलायचंच असेल तर आवाज आधी घेण्याची पद्धत उचला, कारण तिला जवळजवळ पैसे लागत नाहीत. चांगला रेकॉर्डर, दोन माइक, शांत खोली. पंख्याचा आवाज येत असेल तर पंखा बंद करा, उकडलं तरी. मुलाखत एकदाच घेऊ नका. पहिल्यांदा माणूस जे सांगतो ते त्याने आधी चार जणांना सांगितलेलं असतं. ध्वनिमुद्रण उतरवून काढा, छापून घ्या आणि कॅमेरा काढण्याआधी कागदावर कात्री चालवा. काय दाखवायचं नाही हे तिथेच ठरतं. आणि ज्यांची ओळख उघड होणं धोक्याचं आहे त्यांचे चेहरे धूसर करण्यापेक्षा चेहऱ्याविना चित्रपट रचता येतो का, हे आधी बघा. धूसर चेहरा पडद्यावर आरोपीसारखा दिसतो. 'तेम्पेस्ताद'मधली ती बाई कुठल्याही क्षणी तशी वाटत नाही.

उचलू नये असं काय, तर पाच वर्षांचं अंतर. ते तिच्या व्यवस्थेने तिला दिलं. तुमच्यापाशी तशी व्यवस्था नसेल तर मधल्या काळात दुसऱ्यांच्या चित्रपटांचं ध्वनिमुद्रण करा, संकलन करा, शिकवा, आणि शक्यतो त्याच तीन-चार माणसांबरोबर करा ज्यांना पुढच्या चित्रपटात घ्यायचंय. पार्दो, एस्केनासी, गुतिएरेस ही नावं दशकभर परत परत येतात ती योगायोगाने नाही. नवी टीम घेऊन गेलात तर तुमची पद्धत प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजावून सांगावी लागते, आणि पहिल्या शेड्यूलमध्ये त्यासाठी वेळ कधीच नसतो.

बघायचा क्रम विचाराल तर आधी 'तेम्पेस्ताद', मग मागे जाऊन 'एल लुगार मास पेकेन्यो', शेवटी 'एल एको'. 'नोचे दे फुएगो' मध्ये कुठेही चालेल. 'तेम्पेस्ताद'मधला बसचा भाग एकदा डोळे मिटून ऐका आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. कुठे चित्र आवाजाच्या पुढे जातं आणि कुठे मागे राहतं, त्या जागा टाइमकोडसकट वहीत लिहा. मग तुमच्या रफ कटमधल्या तशाच जागा घेऊन या, त्यावर बोलू.